पिनवाले जॅक स्टँड: दिवाळी ते गणपती वापरून

जॅकने उचललेली गाडी टेकवून ठेवायच्या तीन टनी स्टँडची दिवाळीच्या सुमारास घेतलेली जोडी पावसाळा काढूनही खणखणीत आहे, म्हणून आता लिहितोय. गाडी वॅगन आर, राहणं साताऱ्यात. इंजिन ऑइल, पुढचे ब्रेक पॅड आणि खालचा चिखल धुऊन गंज बघणं, एवढंच घरी करतो. बाकी मेकॅनिक जाणे.

दुकानदार रॅचेटवाल्यांचाच आग्रह करत होता, दांडा वर ओढला की काम झालं म्हणे. मी पिनवाले घेतले, म्हणजे दांड्याच्या भोकातून आडवी पिन घालून उंची ठरवायची. रॅचेटमध्ये खटका दातात पुरता बसलाय की नाही हे वरून कळत नाही, पिन मात्र दुसऱ्या बाजूने बाहेर आलेली डोळ्यांना दिसते. 2020 मध्ये अमेरिकेत हत्यारं विकणाऱ्या हार्बर फ्रेट कंपनीने लाखो रॅचेट स्टँड परत मागवले होते. साचे झिजल्यामुळे खटका आणि दात नीट जुळत नव्हते, भाराखाली दांडा घसरू शकत होता. सगळेच रॅचेट तसे नसतात, पण माझ्या जिवाला पिन बरी. तोटा एवढाच की भोकं ठरावीक अंतरावर असतात, त्यामुळे कधी कधी गाडी गरजेपेक्षा जरा जास्त उचलावी लागते.

टनाच्या आकड्यावर फार जाऊ नका. बऱ्याचदा तो जोडीचा मिळून असतो, आणि आपल्या छोट्या गाड्या टनाच्या आतबाहेरच असतात. त्यापेक्षा पाया किती रुंद आहे ते बघा.

दुकानात कुणी सांगत नाही ती गोष्ट वेगळीच. दाराखालच्या पत्र्याच्या शिवणीला प्रत्येक कोपऱ्यात दोन खाचांमधली एकच मजबूत जागा असते. गाडीसोबतचा जॅक तिथेच लागतो, मग स्टँड लावायचा कुठे? म्हणजे ट्रॉली जॅक (चाकांवर सरकणारा, तेलाच्या दाबावर चालणारा) आलाच, खर्चही आला. तो मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या मधल्या जागी लावायचा, ऑइल चेंबरखाली चुकूनही नाही. मग दोन्ही बाजूंच्या त्या मजबूत जागांखाली स्टँड सरकवून जॅकचा व्हॉल्व्ह अगदी हळू सोडायचा. शिवण स्टँडच्या डोक्यावर टेकताना बारीक 'कट्' येतो, तेव्हा थांबून दोन्हीकडे वाकून बघतो. शिवणीचा रंग उडू नये म्हणून मध्ये खाच पाडलेला रबरी ठोकळा ठेवतो. पूर्ण भार उतरला की बोनेटजवळ हात लावून गाडी जोरात हलवतो. डुलायची असेल तर मी खाली जायच्या आधी डुलू दे. काढलेलं चाकही शिवणीखाली आडवं सरकवून ठेवतो.

नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जाणारे आपल्याकडे पैशाला पासरी. त्यातलं सील कधी तेल सोडेल याचा नेम नसतो.

साताऱ्यात सपाट जागा मिळणं हेच अर्धं काम. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याकडच्या गल्ल्यांमध्ये तर रस्ताच उताराचा, तिथे गाडी उचलायची नाहीच. सिमेंटचा कोबा उत्तम. पेव्हर ब्लॉक असतील तर चारही पाय मावतील असा जाड प्लायवूड खाली घाला, नाहीतर एक पाय सांध्यात रुततो. चैत्रातल्या दुपारी डांबरावरही तेच होतं.

आणि हँडब्रेकच्या भरवशावर राहू नका. आपल्या बहुतेक गाड्यांत तो मागच्याच चाकांना लागतो. मागची बाजू उचलली की त्याचा उपयोग संपला, आणि पुढचं एक चाक उचललं तर गिअरही धरत नाही, कारण दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या डिफरन्शियलमुळे उचललेलं चाक मोकळं फिरतं. जमिनीवरच्या चाकांना दोन्हीकडून पाचर हवीच.

तक्रारी किरकोळ. पायांचा रंग पावसात पोपडे धरून निघाला, एका पिनेची साखळी तुटली, तिथे तार बांधलीय. शेजारचे काका विचारत होते, चारही चाकं उचलून क्लचचं काम घरी होईल का. चार स्टँड घेतले तर गाडी उचलली जाईल, पण क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि त्याला लागणारी उंची यांच्यावर मिळणं अवघड. त्यासाठी लिफ्टवालं गॅरेजच गाठा, असं त्यांना सांगितलं.