डिजिटल मोडची चार सॉफ्टवेअर: पावसाळ्यापासून वापरून काय वाटलं

हौशी (हॅम) रेडिओवर आवाजाऐवजी लॅपटॉपमधून मजकूर पाठवायच्या पद्धती म्हणजे डिजिटल मोड. त्यासाठी गेल्या पावसाळ्यापासून एकाच लॅपटॉपवर डब्ल्यूएसजेटी-एक्स, जेटीडीएक्स, जेएस८कॉल आणि एफएलडिजी आलटून पालटून चालवतोय. रेडिओ आयकॉमचा आयसी-७३००, त्यामुळं ऑडिओ आणि कंट्रोल दोन्ही एकाच यूएसबी केबलवर. गच्चीवर ४० आणि २० मीटर बँडचे (रेडिओ लहरींचे पट्टे) साधे डायपोल, म्हणजे तारेचे अँटेना. ग्रिड, म्हणजे नकाशावरचा चौकोन, एमके७६. घर कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरच्या कारखान्यांना लागून, म्हणजे दिवसभर वेल्डिंग आणि मोटारींचा खरखराट. शांत गावातल्या स्टेशनला माझ्यापेक्षा वेगळे निकाल मिळतील.

आधी डब्ल्यूएसजेटी-एक्स. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँक यांनी २०१७ मध्ये यात एफटी८ हा मोड आणला आणि सगळ्या जगाचा बँडच तिकडं सरकला. १५ सेकंदांचा फेरा, जेमतेम ५० हर्ट्झची रुंदी आणि सिग्नल गोंगाटाच्या २१ डेसिबल खाली गेला तरी डिकोड, म्हणजे वाचता येतो. संध्याकाळी १४.०७४ मेगाहर्ट्झवर युरोप असा भरून येतो की खिडकीतल्या ओळी वाचून होत नाहीत. संभाषण मात्र एसटीच्या कंडक्टरसारखं: तिकीट, सुटे, पुढे सरका. ग्रिड, रिपोर्ट (सिग्नलची ताकद), आरआर७३ (मिळालं, शुभेच्छा), संपलं.

सेटिंगमध्ये दोन गोष्टी नीट करा. स्प्लिटला (ऐकायची आणि पाठवायची फ्रिक्वेन्सी वेगळी ठेवायची सोय) 'रिग' किंवा 'फेक इट' ठेवा, आणि ऑडिओ इतका कमी ठेवा की एएलसीचा (ऑडिओ जास्त झाला की रेडिओ तो दाबतो, ते दाखवणारा) काटा हलणार नाही. पॉवर मी ३० वॅटच्या वर नेत नाही. पाठवताना रेडिओ बारा-तेरा सेकंद सलग पूर्ण ताकदीनं चालतो, एसएसबीवर (आवाजी मोड) बोलताना मिळते तशी उसंत त्याला मिळत नाही.

जेटीडीएक्स हा डब्ल्यूएसजेटी-एक्सचाच फाटा, म्हणजे त्याच्याच कोडवरून केलेलं वेगळं सॉफ्टवेअर. गर्दीच्या बँडवर याच्या खिडकीत ओळी जास्त येतात, हे मला वारंवार दिसलं. रंगसंगती चांगली, फिल्टरची बटणं हाताशी, नवा देश दिसला की लगेच कळतं. पण त्याचा 'हिंट' डिकोडर माहीत असलेल्या कॉलसाइनच्या (स्टेशनची ओळख) आधारानं अर्धवट सिग्नल ओळखतो, आणि कधी कधी जे स्टेशन असूच शकत नाही तेही दाखवतो. जास्तीत जास्त देशांशी संपर्क गोळा करणाऱ्यानं हाच घ्यावा. मी रोज उघडतो तो डब्ल्यूएसजेटी-एक्सच. चार ओळी कमी आल्या तरी चालेल, आलेल्या भरवशाच्या हव्यात.

आता खरा मुद्दा. कोल्हापूरनं २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलाय. जुलै लागला की इथं प्रत्येकाचं लक्ष राजाराम बंधाऱ्याच्या पातळीवर: ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. एफटी८ च्या मोकळ्या संदेशात १३ अक्षरं बसतात. त्यात रोमन लिपीत 'पाणी वाढलंय' बसेल, पण कुठं, किती आणि बोट कुणाला हवी हे कसं बसवणार?

इथं जेएस८कॉल कामाला येतो. मुळात एफटी८ चंच तंत्र, पण हवं ते लिहिता येतं. नॉर्मल वेगात मिनिटाला साधारण १६ शब्द, म्हणजे संथच. पण समोरचं स्टेशन ऐकू येत नसेल तर मधल्या स्टेशनमार्फत निरोप पुढे जातो, आणि माणूस जागेवर नसेल तर त्याच्यासाठी साठवूनही ठेवता येतो. सांगलीच्या मित्राशी दिवसा ४० मीटरच्या ७.०७८ वर बंधाऱ्याची पातळी, पाऊस, सगळं बोलणं व्हायचं. सगळी कॅपिटल अक्षरं आणि सुरुवात 'काय भावा' नं. रात्री मात्र ४० मीटर जवळच्या स्टेशनांना डोक्यावरून ओलांडून जातो. मग बेळगाव, सांगली सगळे गायब आणि लांबचे लोक खणखणीत. हा दोष सॉफ्टवेअरचा नाही, पण रात्रीसाठी ८० मीटरची तार हवी हे त्यातूनच कळलं.

घड्याळाचं काय, हे फार लोक विचारत नाहीत. एफटी८ ला लॅपटॉपची वेळ साधारण सेकंदाच्या आत बरोबर लागते, आणि ती आपण इंटरनेटवरून घेतो. पुरात पहिलं जातं ते नेटच. वेळेसाठी यूएसबीचा जीपीएस डोंगल घेऊन ठेवा. जेएस८कॉल ऐकू येणाऱ्या सिग्नलवरून स्वतःची वेळ जुळवून घेऊ शकतो, ही त्याची मला सर्वांत आवडलेली सोय.

एफएलडिजीला घड्याळ लागतच नाही. दिसायला जुनाट, मेनूत मेनू, पहिला आठवडा डोकं फिरतं. पण पीटर मार्टिनेझ यांचा १९९८ चा पीएसके३१ हा मोड आजही यात मजेत चालतो, फक्त १४.०७० वर बोलायला माणूस सापडायला हवा. ऑलिव्हिया ८/२५० हा मोड तर कानाला काही ऐकू येत नसताना पडद्यावर अक्षरं उमटवतो. उद्यमनगरच्या खरखराटातही मजकूर शाबूत आला. सोबत एफएलएमएसजी हे जोड-सॉफ्टवेअर घेतलं की छापील नमुन्यातले निरोप भरून पाठवता येतात.

चारही एकत्र ठेवायची असतील तर रेडिओचा पोर्ट एका वेळी एकालाच मिळतो, हे लक्षात ठेवा. मी मध्ये एफएलरिग हे रेडिओ सांभाळणारं सॉफ्टवेअर बसवलंय. बाकीची सॉफ्टवेअर त्याच्याशी बोलतात आणि भांडण मिटतं. सांगलीचा मित्र सध्या वारा (VARA) या सॉफ्टवेअर मोडेमच्या मागं लागलाय. पूर्ण वेगासाठी त्याचं लायसन्स विकत घ्यावं लागतं, म्हणून मी अजून थांबलोय.