व्हॉट्सअ‍ॅप की सिग्नल?

एका मैत्रिणीला प्रश्न पडलाय: व्हॉट्सअ‍ॅप सोडून सिग्नल हे मेसेजिंग अ‍ॅप घ्यावं का?

मेसेजचं कुलूप दोन्हीकडे एकाच बनावटीचं आहे. सिग्नलचाच प्रोटोकॉल, म्हणजे मेसेज गुप्त ठेवण्याची पद्धत, व्हॉट्सअ‍ॅपही वापरतं. फरक कुलपाबाहेर. तुम्ही कुणाशी, कधी बोलता याचा माग व्हॉट्सअ‍ॅपची मालक कंपनी मेटाला लागू शकतो. सिग्नलकडे मात्र नंबर, खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं, यापलीकडे फारसं काही नसतं.

पैसा? दोन्ही फुकट. सिग्नल देणग्यांवर चालतं. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये २०२५ पासून अपडेट्सच्या टॅबमध्ये जाहिराती शिरल्या. गंमत अशी, की २०१८ मध्ये सिग्नल फाउंडेशन उभं करायला ५ कोटी डॉलर दिले ते व्हॉट्सअ‍ॅपच्याच एका संस्थापकाने, ब्रायन अ‍ॅक्टन यांनी. मेटाला (तेव्हाच्या फेसबुकला) विकलेल्या घराची कळा त्यांना आपल्याआधी दिसली असावी.

आणि माणूस गाफील असेल तर सिग्नलही काय करणार? मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या बड्या अधिकाऱ्यांनी येमेनवरच्या हल्ल्याची चर्चा सिग्नलवर केली, ग्रुपमध्ये चुकून एक संपादकच घेतला होता!

नातेवाईक, सोसायटी, शाळेचे ग्रुप असतील तर व्हॉट्सअ‍ॅपला पर्याय नाही. पत्रकार, वकील, कार्यकर्ते यांनी नाजूक बोलणं सिग्नलवर न्यावं. मैत्रिणीने दोन्ही ठेवावीत.