एअर पिस्तूल घेताय? आधी हात बघा, डोळे बघा, मॉडेल नंतर

पॅरिस 2024 नंतर आमच्या शूटिंग रेंजवर नवीन लोकांची जी रीघ लागलीये ती अजून काही थांबायचं नाव घेत नाही. आधी मनू भाकरचं 10 मीटर एअर पिस्तूलमधलं ब्राँझ, मग पाठोपाठ आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेचं रायफलमधलं, आणि आता शाळकरी पोरांपासून पन्नाशीच्या काकांपर्यंत सगळे येतायत. फार छान वाटतं बघून. पण प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला, "कुठलं पिस्तूल घेऊ, स्टायर का मोरिनी?" आणि दीड-दोन लाखांचा विषय असल्यामुळे मला हे एकदा नीट लिहून ठेवावंसं वाटलं. मी स्वतः स्टायर एलपी 2 वापरतो, मोरिनी सीएम 162 आणि वॉल्थर एलपी 500 ही दोन्ही रेंजवर बऱ्यापैकी हाताळलीयेत, आणि जे लिहितोय ते हौशी माणसासाठी लिहितोय, नॅशनल खेळणाऱ्यांना त्यांचे कोच आहेत.

कायद्याचं आधी उरकतो कारण घरचे पहिलं तेच विचारतात. 4.5 मिमी म्हणजे .177 बोअर आणि 20 जूलच्या आतली ताकद असलेल्या एअर पिस्तूलला लायसन्स लागत नाही. मॅचच्या पिस्तूलचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा आणि वेग सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास, हिशोब केला तर साडेपाच जूलच्या आसपास होतात, म्हणजे आपण मर्यादेच्या खूपच आत. दुकानात ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो आणि वय 18 पूर्ण लागतं. .22 पिस्तूल (खऱ्या काडतुसाचं) ही पूर्ण वेगळी गोष्ट, तिथे लायसन्स आलं, त्यामुळे हौस म्हणून .22 मारायचं असेल तर क्लबचं हत्यार क्लबच्या देखरेखीखाली वापरणं हाच सरळ रस्ता.

आता पिस्तूल. माझं ठाम मत आहे की वरच्या दर्जाच्या या चार-पाच मॅच पिस्तुलांमध्ये, म्हणजे स्टायर, मोरिनी, वॉल्थर, फाइनवर्कबाऊ, पार्दिनी, नेमकेपणात आपल्यासारख्याला कळेल असा फरक नाहीच. क्लॅम्पमध्ये धरून मारलं तर यातलं कुठलंही पिस्तूल एकाच भोकात छर्रे घालतं. टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ 11.5 मिमीचं असतं, पिस्तूल त्याच्या आत आरामात मारतं, बाहेर जातो तो आपला हात. म्हणून पैसे देताना बघायचं काय तर ग्रिप आणि ट्रिगर, बाकी सगळं नंतर.

ग्रिपवर जरा जास्त बोलतो कारण इथेच लोक घाई करतात. या ग्रिप एक्स्ट्रा स्मॉल, स्मॉल, मीडियम, लार्ज अशा मापात येतात आणि दुकानदाराकडे जे माप पडून असतं ते "चालेल हो, सवय होईल" म्हणून गळ्यात मारलं जातं. सवय होत नाही. दुसऱ्याच्या मापाच्या बुटाची होत नाही तशीच. बघायचं असं: पिस्तूल हातात घ्या, खालचा तळहाताचा टेकू, म्हणजे पाम शेल्फ, हळूच वर सरकवून हाताला टेकेल एवढा आवळा, डोळे मिटून हात समोर उचला आणि मग डोळे उघडा. फ्रंट साईट, म्हणजे नळीच्या टोकावरची खूण, मागच्या खाचेत मधोमध दिसली पाहिजे. दर वेळी ती डावीकडे किंवा उजवीकडे झुकलेली दिसत असेल तर ग्रिप तुमच्या हाताला वळवावी लागेल (बहुतेक पिस्तुलात ग्रिपचा कोन बदलता येतो, स्क्रू असतात) आणि तरीही जमत नसेल तर माप चुकलंय, परत करा. आणखी एक, ट्रिगरवर बोटाचं पहिलं पेर पडलं पाहिजे आणि बाकीचं बोट लाकडाला चिकटता कामा नये, मध्ये फट दिसली पाहिजे. चिकटलं तर ट्रिगर दाबताना अख्खं पिस्तूल ढकललं जातं आणि छर्रा बाजूला जातो, मग माणूस महिनोन्महिने साईटच फिरवत बसतो.

थोडंफार कमीजास्त असेल तर ग्रिप घासता येते, घाबरू नका. अक्रोडाचं लाकूड असतं, बारीक कानस आणि पॉलिश पेपर पुरतो, आणि जिथे पोकळ वाटतं तिथे एम-सील किंवा लाकडाची पुट्टी भरून ओली असतानाच पिस्तूल नेहमीसारखं धरायचं की हाताचा ठसा उमटतो, मग वाळल्यावर घासून घ्यायचं. आमच्याकडे निम्म्या लोकांच्या ग्रिपला असे करडे ठिगळ दिसतील आणि त्यांचेच स्कोअर चांगले आहेत. फक्त स्पर्धेत उतरायचं असेल तर ग्रिपने मनगटाला आधार देता कामा नये, वजन 1500 ग्रॅमच्या आत आणि अख्खं पिस्तूल 420 बाय 200 बाय 50 मिमीच्या पेटीत बसलं पाहिजे, हे लक्षात ठेवून पुट्टी लावा.

ट्रिगरचा नियम 500 ग्रॅम, त्याच्या खाली चालत नाही, वजन लटकवून तपासतात. ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो, पहिल्या टप्प्यात बराचसा भार घेऊन टाकायचा आणि दुसऱ्यात शंभर-दीडशे ग्रॅम उरतील असं सेटिंग नवख्याला सोपं जातं. मोरिनी 162 ईआय चा ट्रिगर इलेक्ट्रॉनिक आहे आणि खरं सांगायचं तर इतका स्वच्छ तुटणारा ट्रिगर मी दुसरा अनुभवला नाही, कुठे खरखर नाही, रोज तसाच, आणि हवा न वापरता ड्राय फायर, म्हणजे छर्रा न घालता नुसता ट्रिगर दाबायचा सराव, करता येतो. मग मी एलपी 2 का घेतलं? कारण ते पूर्ण मेकॅनिकल आहे, सुटसुटीत आहे, बॅटरीचा प्रश्न नाही, उघडून साफ करायला सोपं आणि बजेटमध्ये बसलं. स्टायरच्याच एलपी 10 मध्ये झटका शोषणारी यंत्रणा असते ती एलपी 2 मध्ये नाही, त्यामुळे छर्रा सुटल्यावर नळीचं टोक अगदी किंचित उचलतं, पण हौशी माणसाने त्यासाठी वरचे पैसे घालावेत असं मला अजिबात वाटत नाही, त्या पैशात चष्मा आणि वर्षभराचे छर्रे येतात. वॉल्थर एलपी 500 चं ॲडजस्टमेंट सगळ्यात समजायला सोपं वाटलं, घरात दोघं-तिघं एकच पिस्तूल वापरणार असतील तर ते जरूर बघा. कुठलंही घेतलं तरी सर्व्हिस आणि सुटे भाग आपल्या शहरात कोण करतं ते आधी विचारा. टोकियोत मनूच्या पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला, वेळ गेला, आणि 575 गुणांवर ती बाराव्या नंबरवर राहिली, फायनल दोन पॉइंटांनी हुकली. एवढ्या वरच्या पातळीवर होऊ शकतं तर आपल्याकडे होणारच, आणि दुरुस्तीला पिस्तूल दिल्लीला पाठवून महिना महिना वाट बघायची असेल तर हौस मरून जाते.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी हे नीट वाचा. पिस्तुलाच्या हवेच्या सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. 200 बार दाबाची हवा भरतो आपण त्यात, आणि बनल्यापासून दहा वर्षं झाली की तो बाद धरायचा. मला एका विक्रेत्याने (नाव घेत नाही) "एकदम नव्यासारखं" म्हणून दाखवलेल्या पिस्तुलाच्या दोन्ही सिलिंडरची मुदत संपलेली होती आणि विचारल्यावर "अहो काही होत नाही, सगळे वापरतात" हे उत्तर मिळालं. हातभर अंतरावर, तोंडासमोर धरायची वस्तू आहे ही, काही होत नाही म्हणून चालत नाही. नवीन सिलिंडरची किंमत धरूनच सौदा करा. आणि पावसाळ्यात हवा भरताना फिल्टर असलेल्या कॉम्प्रेसरवरूनच भरा, हवेतलं पाणी आत गेलं की गंज धरतो, कोकणातल्या लोकांनी तर विशेष बघा.

आता संरक्षणाच्या वस्तू, ज्याकडे लोक "एअरगन तर आहे" म्हणून दुर्लक्ष करतात आणि मला याची खरंच काळजी वाटते. छर्रा शिशाचा असतो, पुढून सपाट असतो, आणि टार्गेटमागची पेटी वाकलेली किंवा साधा पत्रा असेल तर शिशाचे कण उलटे येऊ शकतात. रेंजवर असाल, मारत असाल किंवा नुसते मागे उभे असाल, पॉलीकार्बोनेटचा सेफ्टी चष्मा डोळ्यावर पाहिजे. त्यावर झेड 87 किंवा ईएन 166 असा शिक्का बघून घ्या, हार्डवेअरच्या दुकानात काही शे रुपयांत मिळतो. नंबरचा रोजचा चष्मा म्हणजे सेफ्टी चष्मा नव्हे, काच कुठली आहे ते ऑप्टिशियनला विचारा. गॅलरीत किंवा गच्चीत पुठ्ठ्यावर मारणाऱ्यांनी तर चष्म्याशिवाय पिस्तुलाला हात लावू नये, आणि मागे भक्कम पेटी आणि भिंत असल्याशिवाय मारूच नये.

नेमबाजीचा खास चष्मा, म्हणजे चॅम्पियन, क्नोब्लॉख, वार्गा वगैरेची एका काचेची फ्रेम, हा पुढचा टप्पा. आपण मान वळवून उभे असतो त्यामुळे साध्या चष्म्यात नजर नाकाजवळच्या कोपऱ्यातून जाते आणि फ्रंट साईट धूसर होते, या फ्रेममध्ये काच सरकवून बरोबर डोळ्यासमोर काटकोनात आणता येते. नंबर काढताना ऑप्टिशियनला स्पष्ट सांगा की मला फ्रंट साईट स्वच्छ दिसायला हवी, टार्गेट धूसर असलं तरी चालेल. साधारणपणे लांबच्या नंबरात अर्धा प्लस मिळवला की काम होतं, चाळिशीच्या पुढे थोडं जास्त, पण पिस्तूल धरलेल्या हाताचं अंतर मोजूनच ठरवा. दुसरा डोळा मिटू नका, चेहरा आखडतो, त्याच्यासमोर 30 मिमीपर्यंत रुंद दुधी पट्टी लावायला परवानगी असते, काळी नको.

कानांचं म्हणाल तर एअर पिस्तूलला साधे फोमचे प्लग एकाग्रतेपुरते ठीक. पण शेजारच्या रेंजवर .22 किंवा मोठं काही सुरू असेल तर प्लग आणि वरून मफ (अख्खा कान झाकणारे) दोन्ही घाला, तिथला आवाज एका फटक्यात कान बिघडवू शकतो आणि बिघडलेलं ऐकू येणं परत येत नाही. इलेक्ट्रॉनिक मफ सरावाला सोयीचे, कोचचं बोलणं ऐकू येतं, पण स्पर्धेत खेळाडूला चालत नाहीत, त्यामुळे एकच घ्यायचा असेल तर साधा घ्या. बूट सपाट तळाचे, घोट्याच्या खालचे, महाग नकोत.

छर्रे एकाच कंपनीचे, पण हेड साईज (छर्र्याच्या डोक्याचा व्यास, मिमीमध्ये) 4.49 आणि 4.50 दोन्हींचे डबे आणून आपल्या नळीला काय मानवतं ते टेकू लावून मारून बघा, आरडब्ल्यूएस आणि एच अँड एन दोन्हीचा अनुभव चांगला आहे. शिसं हाताला लागतं, म्हणून मारताना वडापाव-चहा नाही, झाल्यावर साबणाने हात धुवा, आणि पेटीतला चुरा कोरड्या झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. घरात लहान मूल असेल तर डबा कुलपात.

आणि घाई नको. पुण्यात बालेवाडी, मुंबईत वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज, पनवेलला नेमबाज सुमा शिरूर मॅडमची अकादमी, कोल्हापुरात तर परंपराच आहे, कुठेही जाऊन आधी दोन-तीन महिने तिथलं पिस्तूल वापरा. तेवढ्यात आपल्या हाताचं माप, उजवा डोळा चालतो का डावा, आणि किलोभर वजन हात लांब करून तासभर उचलणं झेपतंय का हे सगळं कळतं. त्यानंतर विचारा स्टायर का मोरिनी, मग मी आनंदाने माझं पिस्तूल हातात देईन बघायला.