आजीच्या लुगड्यांची गोधडी : शिवून घेणाऱ्यांसाठी

गडहिंग्लजमध्ये घरातली जुनी लुगडी-पातळे घेऊन त्यांची गोधडी हाताने शिवून देणारा बायकांचा एक लहानसा गट आहे. आमच्या आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या निमित्ताने आम्ही त्यांच्याकडून दोन माणसांच्या पांघरुणाची एक गोधडी शिवून घेतली. तिच्यावरून आता एक हिवाळा आणि एक पावसाळा गेलेला असल्यामुळे तिच्या गुणदोषांविषयी थोड्या खात्रीने लिहिता येईल. कापड आपले, दोरा त्यांचा आणि शिलाई दोन हजार रुपये, असा साधा व्यवहार आहे. पैसे अर्धे आधी आणि अर्धे गोधडी हातात पडल्यावर द्यायचे असतात.

हजार पौर्णिमा व्हायला साधारण ८० वर्षे १० महिने लागतात, म्हणून हा विधी ८१व्या वर्षात करण्याची पद्धत आहे. आजीचा जन्म १९४४ च्या जानेवारीतला, त्यामुळे २०२४ च्या नोव्हेंबरात तो करायचे ठरले. ८१ दिव्यांचे औक्षण, गुरुजी, जेवणावळ हे सगळे लवकर ठरले, पण तिला द्यायचे काय, यावर घरात बरीच चर्चा झाली, कारण कोणतीही वस्तू दिली तरी "मला काय करायचंय आता ते, तुम्हीच ठेवा" हे तिचे उत्तर ठरलेले असते. गोधडीला मात्र तिने नाही म्हटले नाही. "शिवतंय कोण?" एवढेच विचारले.

या गटाची पहिली जमेची बाजू म्हणजे आपण दिलेले सगळे कापड ते निमूटपणे घेत नाहीत. आत्याने आजीच्या ट्रंकेतून निवडून चांगल्या चांगल्या साड्या नेल्या होत्या. त्यांत आजोबांच्या साठीशांतीला घेतलेली पैठणी होती, एक नारायणपेठी होती आणि लग्नकार्यांत आहेर म्हणून आलेल्या, घडीही न मोडलेल्या पाच-सहा साड्या होत्या. गटातल्या वयस्क मावशींनी त्या सगळ्या बाजूला सारल्या. जरीच्या कापडाला टाका घातला की ते टाक्याच्या रेषेवर उसवत जाते, नायलॉन आणि पॉलिएस्टर घसरते आणि घाम शोषत नाही, कोऱ्या सुती कापडातली खळ गेलेली नसल्यामुळे ते अंगाला टोचते, अशी त्यांची कारणे होती आणि ती सगळी पटण्यासारखी होती. "नेसून नेसून मऊ झालेलं आणा, फाटकं असलं तरी चालंल," असे सांगून त्यांनी आत्याला परत पाठवले.

मग माळ्यावरची बोचकी उतरवली गेली. त्यांत अपेक्षेपेक्षा कमी कापड निघाले, कारण आजीची बहुतेक जुनी पातळे वर्षानुवर्षे बोहारणीकडे गेलेली होती. आमच्या स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्यांचा हिशेब मांडला तर आणखी दोन गोधड्या सहज झाल्या असत्या.

गोधडीचा वरचा पदर, म्हणजे थर, एका हिरव्या इरकली लुगड्याचा आहे. १९६२ साली लग्न होऊन ती या गावात आली, तेव्हा सासरहून मिळालेल्या दोन लुगड्यांपैकी हे एक. गडहिंग्लज कर्नाटकच्या सीमेला लागून असल्यामुळे बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलची ही लुगडी इथल्या बाजारात सहज मिळत आणि त्या पिढीच्या बायका रोज तीच नेसत. या लुगड्याचे अंग सुती असते आणि पदर रेशमी असतो, आणि दोन्हींचे ताणे मागावरच एकमेकांत फास घालून जोडलेले असतात. साठ वर्षांनी सुती अंग तगले होते, रेशमी पदर मात्र हात लावताच विरत होता. तो फेकून न देता शिवणाऱ्या बायकांनी त्याखाली दुसरे कापड धरले आणि उशाकडच्या बाजूला त्याची लाल पट्टी बसवली. ही कल्पना त्यांचीच होती, आणि मला ती फार आवडली.

नऊवारी लुगडे साधारण सव्वाआठ मीटर लांब असते. त्याचे चार तुकडे करून दोन जोडले की गोधडीचा एक पदर होतो, म्हणजे एका लुगड्यात वरचा आणि खालचा असे दोन्ही पदर निघायला हवेत. आमच्या लुगड्याचे निम्मे कापड इतके झिजलेले होते की वरच्या पदरापुरतेच ते पुरले. हे सांगायला मावशी स्वतः घरी आल्या, लुगडे जमिनीवर पसरले आणि एका जागी हात ठेवून त्यांनी आजीला विचारले, "आजी, पोरं डाव्या कडंवर घेत होता जनू?" त्या जागी कापड इतके पातळ झाले होते की खालची फरशी दिसत होती. आजी म्हणाली, "मग? उजवा हात भाकरीला नको?" चार मुले आणि त्यानंतर आम्ही सहा नातवंडे त्या एका बाजूला बसून मोठी झालो. पुढच्या भागावर चुलीतल्या ठिणग्यांनी पडलेली बारीक भोके होती, ती मोजण्याच्या पलीकडची. आमच्या घरी गॅस १९८४ साली आला. या भोकांवर त्यांनी जुन्या चोळ्यांच्या खणाची लहान त्रिकोणी ठिगळे लावली आहेत, त्यामुळे पाहणाऱ्याला ती नक्षीच वाटते.

खालचा पदर दोन सहावारी पातळांचा आहे. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला आणि पुढे त्या गावच्या सुती कापडाने आमच्या भागातली घरे भरली. नऊवारी सोडल्यानंतर आजी नेसली ती बहुतेक पातळे तिकडचीच, फिकट रंगाची, बारीक काठांची आणि एकमेकींपासून वेगळी ओळखू न येणारी. मधल्या थरांत काय घालायचे हे मात्र तिने स्वतः ठरवले. आजोबा शेंगांच्या अडत दुकानात दिवाणजी होते आणि जन्मभर त्यांनी धोतर नेसले. ती धोतरे आजी स्वतः धुऊन नीळ घालत असे आणि २०११ साली ते गेल्यानंतर तिने ती कोणालाही दिली नव्हती. "ती आत घाला, वर नको," एवढेच ती म्हणाली आणि त्याचे कारण कोणी विचारले नाही. काकांची शाळेची खाकी अर्धी चड्डीही तिने पुढे केली होती, पण सुई शिरत नाही म्हणून बायकांनी ती परत केली.

त्याच समारंभासाठी माझ्या चुलत भावाने एक गौरवपत्र छापून घेतले होते, ज्यात त्यागमूर्ती, वात्सल्यसिंधू, कुटुंबाचा आधारवड अशी सगळी नेहमीची विशेषणे होती. आजीने चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचले आणि "हे कुणाचं लिवलंय?" असे विचारले. आत्याने नेलेल्या साड्यांची गोधडी झाली असती तर तिचेही तसेच झाले असते असे मला वाटते, कारण त्या साड्या इतरांनी आजीला दिलेल्या होत्या आणि ती त्या क्वचितच नेसली होती. शिवणाऱ्या बायका केवळ टाक्याच्या सोयीचे पाहत होत्या, पण त्यामुळे गोधडीत योग्य कापड गेले.

शिवण उत्तम आहे. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवून थर जमिनीवर ताणतात आणि कडेपासून आत असा धावदोरा घालत नेतात. टाक्यांच्या ओळींत बोटभर अंतर आहे. तीन-चार जणी एकाच वेळी शिवायला बसत असल्यामुळे प्रत्येकीचा हात वेगळा ओळखू येतो, एका कोपऱ्यात टाका तांदळाएवढा आहे तर समोरच्या कोपऱ्यात त्याच्या दुप्पट. मला यात काही वावगे वाटले नाही, पण ज्यांना सगळीकडे एकसारखे काम हवे असते त्यांनी हे आधी पाहून घ्यावे. एका ठिकाणी मधला थर गोळा झाला होता, तो दाखवल्यावर त्यांनी विनातक्रार उसवून पुन्हा शिवून दिला.

तक्रार आहे ती वेळेबद्दल. गोधडी समारंभाच्या आधी देण्याचे कबूल केले होते, पण भातकापणी सुरू झाल्यावर गटातल्या निम्म्या बायका शेतावर जाऊ लागल्या आणि काम थांबले. हे समजण्यासारखे आहे, पण त्यांनी तसे कळवले नाही आणि फोनही उचलला नाही, हे समजण्यासारखे नाही. समारंभात पाहुण्यांना दाखवायला आमच्याकडे अर्धवट गोधडीचा मोबाइलमधला फोटो तेवढा होता. सुगीच्या दिवसांत हाती हवी असेल तर कापड उन्हाळ्यातच द्यावे.

धुणे हेही एक कामच आहे. कोरडी असतानाच ती चारेक किलो भरते, ओली झाली की एका माणसाला उचलत नाही. धुण्याच्या यंत्रात ती घालू नये असे त्यांनी बजावले होते, ते योग्यच आहे. पहिल्या धुण्यात लाल पट्टीचा रंग थोडा उतरला आणि शेजारचा हिरवा भाग काळपट झाला. गार पाण्यात मीठ टाकून भिजवायला त्यांनी सांगितले होते, तसे करूनही हे झाले. पुण्याच्या प्रदर्शनांतून मिळणाऱ्या, आत कृत्रिम कापूस घातलेल्या आणि यंत्रावर शिवलेल्या गोधड्या हलक्या असतात, लवकर वाळतात आणि दिसायला निश्चितच नीटनेटक्या असतात. ज्यांना पांघरूणच हवे आहे त्यांनी त्या घ्याव्यात, त्यात कमीपणा नाही. डिसेंबरातल्या पहाटे मात्र चार-पाच थर सुती कापडाची ऊब वेगळी असते आणि पावसाळ्यात ती दमट लागत नाही, हा आमच्या घरातल्या सगळ्यांचा अनुभव आहे.

आजीचे मत विचाराल तर ते थोडे कडक आहे. गोधडी आल्या दिवशीच तिने उलटसुलट करून पाहिली, एक सैल टाका शोधला, सुई मागवून तो स्वतः नीट केला आणि शिलाई जास्त झाली असे सांगितले. ती रोज तीच पांघरते. उरलेल्या इरकलीच्या तुकड्यांचे, येऊ घातलेल्या पणतवंडासाठी, एक दुपटे तिने त्याच गटाला परस्पर सांगून टाकले आहे. त्यांनी पाचशे मागितले, हिने साडेतीनशे सांगितले, आणि ठरले चारशेवर, दोरा त्यांचाच.