सहा-ए की सहा-बी? गोखले रोडवरच्या टॅक्सवाल्यांचा अनुभव

अमेरिकेची टॅक्स रिटर्न भरून देणारं ऑफिस ठाण्याच्या नौपाड्यात, तेही पोळीभाजी केंद्राच्या डोक्यावर! जानेवारीत धाकट्या भावासाठी गेले. तो न्यू जर्सीत, एडिसनला असतो. पक्षाघातानंतर नोकरी सुटली. आता एसएसडीआय, म्हणजे तिथलं अपंगत्वाचं पेन्शन, महिना १,६०० डॉलर मिळतं. मेडिकेअर, म्हणजे तिथला सरकारी आरोग्य विमा, मात्र पेन्शन लागल्यावर २४ महिन्यांनी. तोवर त्याचा आणि भावजयीचा विमा ‘गेट कव्हर्ड एनजे’ या न्यू जर्सीच्या सरकारी विमा-बाजारातून, हप्त्यावरच्या सबसिडीवर.

तिथल्या एका एजंटने विम्याच्या अर्जात उत्पन्न ४७,०६० टाकलं होतं. भावजयीचा पगार ३८,०००, पेन्शनचे ९,०६०.

“काकू, पेन्शन वर्षाचं १९,२०० होतं ना? मग बाकीचे कुठे गेले?” नौपाड्याच्या ऑफिसातल्या मुलाने रिटर्नचा कच्चा मसुदा स्क्रीनवर मोठा केला आणि पेन्सिलीचं टोक दोन चौकटींवर टेकवलं. सहा-ए मध्ये पूर्ण पेन्शन, सहा-बी मध्ये त्यातला कर लागणारा भाग. एजंटने बी उचललं होतं. करापुरतं ते ठीक, पण सबसिडी ठरवताना करमुक्त भागही मिळवतात. म्हणजे ३८,००० अधिक १९,२००, एकूण ५७,२००. वर, २०२६ पासून सबसिडी जास्त घेतली गेली तर रिटर्नच्या वेळी सगळी परत. पूर्वी कमी उत्पन्नवाल्यांना त्यावर मर्यादा होती.

भावाचा मित्र तर सांगत होता, अपंगत्वाचे पैसे उत्पन्नात धरतच नाहीत. तोही खोटं बोलत नव्हता. त्याच्या मुलाला एसएसआय मिळतं, गरजूंसाठीचं. ते खरंच धरत नाहीत. नावात एवढंसं अंतर! मी तीस वर्षं बँकेत काढली, तरी दोनदा विचारलं. ऑफिसातला मुलगा न चिडता कागदावर लिहून देत राहिला, तेही सरळ मराठीत.

आता तक्रारी. सातची वेळ दिली, पावणेआठला बोलावलं. तोवर भाऊ तिकडे सकाळी मोबाइल धरून ताटकळला. जिना अरुंद, लिफ्ट नाही. अपंगांच्या पेन्शनचं काम करणाऱ्यांनी निदान तळमजल्यावर एक टेबल मांडावं. फी ४,००० रुपये, आणि पावती मागून घ्यावी लागली.

अर्ज त्याच रात्री दुरुस्त झाला. हप्ता अर्थातच वाढला. भाऊ म्हणतो, “ताई, तुझ्या ठाण्याच्या माणसाने मला खर्चात टाकलं.” रिटर्न मात्र त्याच्याकडूनच भरून घेतोय.