दोन सायरन: एक 1766 चा, दुसरा 2018 चा

या दोन्ही सायरनना बाहेर लोंबणारे कल्ले आहेत, पुढचे दोनच पाय आहेत आणि अंग वाम माशासारखे लांब आहे. तरी हे मासे नव्हेत, अमेरिकेच्या आग्नेय भागातले सॅलॅमँडर, म्हणजे शेपटीवाले उभयचर प्राणी, आहेत.

ग्रेटर सायरन, म्हणजे सायरन लॅसर्टिना, हा थोरला. अमेरिकेतल्या चार्ल्सटनचे डॉक्टर अलेक्झांडर गार्डन यांनी पाठवलेला नमुना पाहून सजीवांच्या वर्गीकरणाचा जनक लिनियस इतका गोंधळला, की 1766 मध्ये त्याने त्यासाठी मीन्टेस नावाचा वेगळा गणच (प्राण्यांचा मोठा गट) काढला. तो टिकला नाही. सायरन हे नाव मात्र टिकले.

रेटिक्युलेटेड सायरनची गोष्ट उलटी. दक्षिण अलाबामा आणि फ्लोरिडाच्या वायव्य पट्ट्यात लोक त्याला ‘लेपर्ड ईल’ म्हणतच होते. पण सायरन रेटिक्युलाटा हे शास्त्रीय नाव मिळायला 2018 उजाडले. अंगावरचे गडद ठिपके, तुलनेने लहान डोके, लांब शेपूट आणि डीएनए, या सगळ्यांच्या आधारे तो वेगळा ठरला. लांबी साठ सेंटिमीटरपर्यंत. ग्रेटर सायरन जवळपास मीटरभर.

माझ्या मते दुसऱ्याचे वर्गीकरण अधिक भक्कम पायावर झाले, पण पहिल्याने उडवलेली तारांबळ जास्त मजेशीर. आज दोघे वेगळ्या जातींचे (species), पण एकाच प्रजातीत (genus), सायरेनिडी कुलात आहेत.