जिवाणूचे शेपूट: आखलेले की घडत गेलेले?

ई. कोलाय या जिवाणूची कशाभिका, म्हणजे पोहण्यासाठी फिरणारे शेपूट, ही खरोखरीची मोटार आहे. पेशीच्या आवरणात बसवलेली, प्रोटॉनच्या प्रवाहावर चालणारी, सेकंदाला शेकडो फेरे घेणारी. ती कुणी बुद्धीने आखली की उत्क्रांतीने घडत गेली, असा वाद आहे; पण ती पाहून थक्क व्हायला होते, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे.

अमेरिकन जैवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बीही यांनी १९९६ मध्ये मांडलेला युक्तिवाद असा: एक भाग काढा, मोटार बंद. अर्धी मोटार निरुपयोगी, मग नैसर्गिक निवड तिला टप्प्याटप्प्याने कशी घडवणार? म्हणजे मागे बुद्धिमान रचनाकार हवा. प्रश्न चांगला आहे. उत्तराकडची उडी मात्र मला पटत नाही.

उत्क्रांतीची बाजू विचारते, अर्धी मोटार दुसऱ्याच कामाची असेल तर? प्लेगच्या जिवाणूकडे एक सूक्ष्म सुई असते. तिच्यातून तो माणसाच्या पेशींत घातक प्रथिने टोचतो. तिची बरीच प्रथिने कशाभिकेच्या बुडाशी असलेल्या प्रथिनांची नातलग आहेत. ही सुई कशाभिकेची पूर्वज नव्हे, बहुधा ती नंतर आली. पण तेच भाग शेपूट न फिरवताही उपयोगी पडतात, एवढे तिने दाखवून दिले. मधल्या सगळ्या पायऱ्या अजून सापडलेल्या नाहीत, हेही खरे.

उत्क्रांती मानली तर कुठली जनुके ताडून पाहायची ते ठरवता येते. रचनाकार मानला तर प्रयोगशाळेत पुढे काय शोधायचे, ते कुणी सांगत नाही. रचनाकाराची कल्पना शाळेत शिकवण्यावरून अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात झालेल्या डोव्हर खटल्यात, २००५ मध्ये, न्यायाधीश जॉन जोन्स यांनी ही कल्पना विज्ञान नाही, असाच निकाल दिला.